सहा हजारांचं विमान

बोइंग ७३७ हल्ली सहा हजारांच्या आसपास मिळतं. किंमत सत्तर डॉलर, रुपयाची त्या दिवशी जशी तब्येत असेल त्याप्रमाणे शे-दोनशे इकडेतिकडे. दोन्ही इंजिनं चालतात, चाकं आत-बाहेर होतात, छतावरची बटणं एकूण एक दाबता येतात. इंधनाला पैसे नाहीत, उभं करायला जागा लागत नाही. अडचण एवढीच की ते कॉम्प्युटरच्या बाहेर येत नाही. आमच्या घरात ते आलं तेव्हा माझ्या आईने नातवाला विचारलं, "सहा हजार मोजले व्हय रे? आन बसायचं कुठं?" नातवाने खुर्ची पुढे केली. खुर्ची घरचीच होती.

हा नातू म्हणजे माझा पुतण्या. नारायणगावजवळ आमची वस्ती, घरात टोमॅटो आणि ऊस. टोमॅटोवाल्यांच्या घरात कुठल्याही वस्तूची किंमत क्रेटमध्ये निघते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. त्या भावाने बोइंग तीन क्रेटचं. तोच क्रेट एखाद्या वर्षी शंभरावर येतो, तेव्हा त्याच विमानाला साठ क्रेट लागतात, आणि तोडणी, हमाली, गाडीभाडं वजा केलं तर शेतकऱ्याने विमानाचा विचारही करू नये. माझ्या भावाचं म्हणणं, या पैशांत ठिबकच्या नळ्या आल्या असत्या. पुतण्याचं म्हणणं, नळ्या उंदीर कुरतडतात, याला कुरतडत नाहीत. यावर भावाला उत्तर सुचलं नाही.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. घरबसल्या विमान चालवण्याचा हा खेळ चांगला जुना आहे. ब्रूस आर्टविक नावाच्या माणसाने १९७९ मध्ये ॲपल टू या छोट्या कॉम्प्युटरसाठी तो पहिल्यांदा केला. चार रेघा म्हणजे जमीन, दोन रेघा म्हणजे धावपट्टी. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो आपल्या नावाने आणला. २०२० मध्ये आलेल्या आवृत्तीत उपग्रहावरून आणि विमानातून काढलेल्या फोटोंची सगळी पृथ्वीच अंथरलेली आहे, तिच्यावर सुमारे सदतीस हजार विमानतळ. खेळाबरोबर काही विमानं मिळतातच. पण शौकिनांचं त्यावर भागत नाही. त्यांना हवं असतं वेगळं विकत घेतलेलं विमान, ज्यात खऱ्या विमानातली प्रत्येक यंत्रणा जशीच्या तशी चालते. असल्या विमानाला ही मंडळी ‘स्टडी लेव्हल’ म्हणतात. म्हणजे पैसे देऊन वर अभ्यासही करायचा. माझ्या पुतण्याने दहावीला जेवढी पानं वाचली नसतील तेवढी या विमानाच्या माहितीपुस्तकाची वाचली. आमच्या घरातल्या कुणाला या पुस्तकाचा राग आला नाही, हे नोंदवून ठेवतो.

विमानापेक्षा मला रस वाटू लागला तो विमानाविषयीच्या मतांत. विकत घेणाऱ्या प्रत्येकाला मत असतं, आणि पुतण्या ती सगळी जेवताना ऐकवतो. एकाचं मत, उतरताना विमान धावपट्टीवर जरा जास्तच तरंगतं. दुसऱ्याचं मत, तरंगत नाही, तुझा वेग जास्त असतो. तिसऱ्याला खुर्चीजवळच्या, विमानाचा तोल साधणाऱ्या ट्रिमच्या चाकाची खडखड ऐकून समाधान झालेलं नाही. खऱ्या विमानात ती अधिक कोरडी येते. चौथा म्हणतो, वैमानिकाच्या खिडकीखालचा रंग पुरेसा उडालेला नाही. हे ऐकून आई जेवायची थांबली. पैसे देऊन वस्तू घ्यायची आणि ती जुनी दिसत नाही म्हणून भांडायचं, हे तिच्या हयातीतलं पहिलंच गिऱ्हाईक. पण तक्रार खरी आहे. ही विमानं करणारे कलावंत ओरखडे, हातांच्या घामाने गुळगुळीत झालेली मूठ, बुटांनी झिजलेला पायपट्टीचा धातू, असं सगळं मन लावून रंगवतात आणि गिऱ्हाईक त्याचे पैसे मोजतं. कोऱ्या विमानाला किंमत नाही, वापरलेल्याला आहे. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात ही रीत आली तर आमचं भलं होईल.

मतांच्या या गर्दीत एक ‘खरा वैमानिक’ हमखास असतो. तो सांगतो, मी बारा वर्षं हेच विमान चालवतोय, आणि ते असं वागत नाही. सगळे गप्प होतात. मग दुसरा खरा वैमानिक येतो आणि म्हणतो, मी चौदा वर्षं चालवतोय, ते असंच वागतं. दोघेही खोटं बोलत नसावेत. एकाच ७३७ मध्ये प्रत्येक विमान कंपनी आपापल्या पसंतीची उपकरणं आणि आपापली रीत घालून घेते. पण ज्याने विमानात फक्त खिडकीशेजारची जागा मागितलेली आहे, त्यालाही या भांडणात एक बाजू घ्यावीच लागते. पुतण्या चौदा वर्षंवाल्याच्या बाजूचा आहे. हा मुलगा अजून खऱ्या विमानात बसलेला नाही.

आणि का बसेल? खेड-चाकणकडे मोठा विमानतळ होणार, होणार म्हणून आमच्या पिढीने किती वर्षं ऐकलं. जमिनीचे भाव त्या बातमीवर दोनदा चढले, दोनदा बसले, आणि विमानतळ अखेर कागदावर पुरंदरला गेला. जुन्नर-आंबेगावच्या माणसाच्या घरापर्यंत पोचलेलं विमान म्हणून हे सहा हजारांचंच धरावं लागेल.

या सगळ्याचा अर्थ मला लागला तो बैलगाड्याच्या घाटावर. आमच्या दोन तालुक्यांत घाट म्हणजे शर्यतीचा चढाचा रस्ता. यात्रेला तिथे बैल पळतात आणि सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत वेळ मोजली जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या सात वर्षांत बैल पळाले नाहीत, पण मतं पळत होती. घाटाच्या कडेला उभं राहिलं की दोन आवाज ऐकू येतात. एक गाडामालकाचा. त्याने बैलाला लाखांनी रुपये मोजलेले असतात, त्यामुळे बारी, म्हणजे बैलांची धाव, वाईट झाली तर दोष बैलाचा कधीच नसतो. माती ओली होती, पुढची घोडी दबली, निशाण उशिरा पडलं, गर्दी आत घुसली. दुसरा आवाज फुकट बघणाऱ्याचा. त्याला बैलाचे चारही खूर, शेपटी आणि बापजादे सगळं चुकीचं दिसतं. सहा हजार देणाऱ्याचं तेच आहे. विमान डुगडुगलं तर दोष ग्राफिक कार्डाचा, हवामानाचा, मायक्रोसॉफ्टच्या नव्या अपडेटचा. विमान बिचारं निर्दोष. आणि ज्याने घेतलेलं नाही तो दुरून सांगतो की सत्तर डॉलर ही लूट आहे, स्वयंसेवकांनी केलेलं एअरबस ए-३२० फुकट मिळतं आणि ते याच्या तोडीस तोड आहे. हे फुकटचं एअरबस खरंच आहे, फ्लायबायवायर नावाच्या मंडळींनी ते मिळून केलंय आणि चांगलं केलंय. पुतण्याकडे तेही आहे. त्याबद्दल मात्र तो कधी भांडत नाही. पैसे गुंतले नाहीत तिथे माणूस किती समंजस असतो, हे बघण्यासारखं आहे.

पण आमच्या वस्तीवर हे विमान ज्या परिस्थितीत उडतं, तिचा उल्लेख मला कुणाच्याच मतात सापडला नाही. शेतीची लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. पुतण्या रात्री साडेदहाला मुंबईहून दुबईला निघतो, किनारा सुटला की ऑटोपायलटच्या हाती विमान देतो आणि मोटर चालू करायला विहिरीवर जातो. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, मोबाइलवर मोठ्याने गाणं, कारण उसात बिबट्या आहे. तीन तासांच्या त्या प्रवासातला धोक्याचा भाग तो एवढाच. घर ते विहीर. परत येऊन बघतो तर विमान अरबी समुद्रावर सरळ चाललेलं. त्याचं स्वतःचं मत त्यामुळे थोडक्यात आहे: ऑटोपायलट भरवशाचा. ७३७ मध्ये विजेची सोय एकाहून अधिक आहे, दोन इंजिनांवर दोन जनरेटर, शेपटीत तिसरं छोटं इंजिन, शिवाय बॅटरी. एक गेलं तर दुसरं, दुसरं गेलं तर तिसरं. मात्र आमच्या वस्तीवरचा डीपी उडाला की चारही एका क्षणात बंद होतात आणि विमान, समुद्र, दुबई सगळं काळं. असा प्रसंग माहितीपुस्तकात दिलेला नाही.

एका रविवारी दुपारी मी त्याला म्हटलं, दुबई राहू दे, आपल्याकडे ने. तो लोहगावहून निघाला आणि नाशिकच्या रस्त्यावरून उत्तरेला वळला. चाकण गेलं, राजगुरुनगर गेलं, मंचर आलं. डावीकडे घोड नदी धरून गेलो की डिंभ्याचं पाणी. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे, ते आंबेगाव तालुक्यातल्याच महाळुंगे पडवळचे. ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं आंबेगाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला. सिम्युलेटरमध्ये पाणी निळं आणि स्वच्छ दिसतं, त्याखाली काही असेल असं वाटत नाही. पुढे खोडदला जीएमआरटीच्या रेडिओ दुर्बिणी. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या एकूण तीस तबकड्या, त्यांतल्या चौदा खोडदच्या आसपास आणि बाकीच्या तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ इथे रांग लावून वेळ मागतात. आमच्या विमानातून त्या जमिनीवर चिकटवलेल्या दिसल्या, कारण फोटो वरून काढलेला आणि त्यांना उभं करायचे कष्ट कुणी घेतलेले नाहीत. पलीकडच्या शेतात मात्र सिम्युलेटरने आपल्या मनाने एक कौलारू बंगला उभा केला होता. तिथे प्रत्यक्षात कांद्याची चाळ आहे.

मग शिवनेरी. आईला मुद्दाम बोलावलं. ती पदराने चष्मा पुसून जवळ आली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बसलाय की रं ह्यो. आपला गड असा बसका न्हाई." तिचं मत तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. या खेळांत जमिनीची उंची ठरावीक अंतरावरच्या बिंदूंना दिलेली असते आणि मधली जमीन गणिताने जुळवून घेतली जाते. सपाट मुलखात त्याने काही बिघडत नाही. सह्याद्रीत बिघडतं. उभा कडा दोन बिंदूंच्या मध्ये आला की त्याचा उतार होतो. जीवधन किल्ल्याचा कडा असा उतरणीला लागलेला दिसला की तिथे शेळ्या चराव्यात. शेजारचा वानरलिंगीचा सुळका पार नाहीसा झालेला, आणि नाणेघाटात सातवाहनांनी खोदलेली वाट म्हणजे एक हिरवी घळ. खिडकीखालचा उडालेला रंग मोजणाऱ्या एकाही चोखंदळ गिऱ्हाईकाने याबद्दल अक्षर काढलेलं नाही. विमान करणाऱ्यांचा तो दोष नाहीच, जमीन दुसऱ्याची. पण मत देणारा माणूस विमानाच्या आत बघतो, बाहेर कमी बघतो, हे मला त्या दुपारी खटकलं.

आईने जाता जाता एकच विचारलं. "दावंड्यावर पडलं व्हतं, त्ये असलंच व्हतं का?"

पुतण्याला काही माहीत नव्हतं. तरुणांना नसतंच. ६ जुलै १९६२ ची रात्र उलटून सात तारीख लागली होती. अलितालिया कंपनीचं डग्लस डीसी-८ विमान सिडनीहून रोमला चाललं होतं, बँकॉक सोडून मुंबईला उतरायच्या तयारीत. पावसाळी काळोख. मुंबई जवळ आली असं वैमानिकाला वाटलं आणि त्याने विमान खाली घेतलं. मुंबई अजून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होती. जुन्नरच्या पश्चिमेचे डोंगर मधे होते. विमान दावंड्याच्या डोंगरावर आदळलं आणि आतली सगळी ९४ माणसं गेली. चौकशीत निघालेली कारणं कोरडी आहेत. जागा नक्की करायची साधनं हाताशी असून ती वापरली नाहीत, विमान ठरवून दिलेल्या किमान उंचीच्या खाली आणलं, आणि तिसरं, वैमानिकाला या वाटेवरच्या डोंगराळ मुलखाची ओळख नव्हती.

हे तिसरं कारण वाचलं तेव्हा मी गप्पच बसलो. ज्या डोंगरांत आमच्याकडची पोरं हिरडे गोळा करत फिरतात, त्यांची ओळख नाही म्हणून एवढी माणसं गेली.

पुतण्याने ती वाट विमानात बसवून बघितली, थट्टा म्हणून नव्हे. पूर्वेकडून रात्री मुंबईकडे यायचं आणि लवकर उतरायला लागायचं. जुन्नर ओलांडलं, डोंगर अंधारात कुठेच दिसत नव्हते, आणि एकाएकी एक पुरुषी आवाज घरभर ओरडला: "टेरेन! टेरेन! पुल अप!" आई देवघरातून बाहेर आली. पुतण्याने नाक वर उचललं, आवाज थांबला.

या ओरडणाऱ्या यंत्राची गोष्ट विमानाच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. डॉन बेटमन नावाच्या अभियंत्याने ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार केलं, दावंड्याच्या अपघातानंतर काही वर्षांनी. धडधाकट विमानं धडधाकट वैमानिकांच्या हातून डोंगरांवर जातात, हे त्या काळचं नेहमीचं दुःख होतं. १९७४ नंतर अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांना हे यंत्र सक्तीचं केलं. सुरुवातीचं यंत्र फक्त सरळ खाली बघायचं, पोटाखालची जमीन किती वेगाने वर येतेय ते रेडिओ लहरींनी मोजून. आमच्याकडे ते अपुरं पडलं असतं, कारण सह्याद्री खालून येत नाही, समोरून येतो. १९९० च्या दशकात बेटमनच्या मंडळींनी जगभरच्या डोंगरांची उंचीच यंत्राच्या पोटात भरली, म्हणजे ते पुढचं बघू लागलं. ती माहिती मिळवायला त्यांनी सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथल्या लष्कराचे गुप्त नकाशे विकत घेतले. शीतयुद्धाने मुद्दाम कुणाचं भलं केल्याची उदाहरणं थोडी आहेत. हे नकळत केलेल्यांपैकी एक.

आता या यंत्राविषयी गिऱ्हाइकांची मतं काय? पुतण्याने वाचून दाखवली. आवाज खऱ्यापेक्षा किंचित जाड आहे. आवाज फार मोठा आहे, रात्री घरचे उठतात, कमी करायची सोय कुठे आहे? एकाने पाचपैकी चार तारे दिले होते आणि पाचवा या आवाजापायी कापला होता. मला त्या माणसाचा राग नाही. त्याच्या घरात झोपलेलं लहान मूल असेल. पण सत्तर डॉलरांत मिळणाऱ्या सगळ्या मालात किंमत लावण्याजोगी गोष्ट कोणती असं मला विचाराल तर ट्रिमच्या चाकाची खडखड नाही, झिजलेली मूठ नाही, ही ओरड आहे. बाकीचं विमान तिच्याबरोबर फुकट मिळालं असं समजतो. भावाचं मतही त्या दिवसापासून थोडं बदललंय. विहिरीच्या वाटेवर बिबट्यासाठी असलं काही मिळतं का, असं तो पुतण्याला विचारत होता.

पुतण्याने आपलं मत अजून लिहिलेलं नाही. मी त्याला सांगितलंय, लिही, आणि इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी लिही. ऑटोपायलट भरवशाचा आहे हे लिही. आमचा गड बसका झालाय, सुळका हरवलाय, खोडदच्या तबकड्या आडव्या पडल्यात, हेही लिही. ज्यांची मतं तू रोज वाचतोस त्यांतल्या कुणालाही ते ठाऊक असण्याचा संभव नाही.

आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी असलं विमान असेल, तर एवढं ऐका. जुन्नरवरून मुंबईला उतरत असाल तर घाटमाथा ओलांडेपर्यंत उंची सोडू नका. हरिश्चंद्रगड सुमारे ४,६७० फूट आहे, कळसूबाई ५,४०० फूट. पडद्यावर त्यांचे कडे उतरते दिसतील, त्यावर जाऊ नका. आवाज मोठाच ठेवा.